हजेरीच्या कागदावरचे अकरावे तज्ज्ञ

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे सही, अर्ज, फार तर गावाकडे एखादं पत्र. माझ्या वर्गात बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतली दोन मुलं आहेत. त्यांचे पणजोबा संस्थानात अधिकारी होते आणि घरी पुस्तकांची कपाटं आहेत. आठवणी त्यांनी लिहिल्या तर शोभेल. माझ्याकडे आठवण एकच आहे, तीही एका सरकारी फायलीची. ती कोणाला वाचावीशी वाटेल का, मला माहीत नाही. पण त्या वर्षी आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं मी आधी पाहिलं नव्हतं. शिवाय वडिलांचं म्हणणं असं, की जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

हे वाक्य कारखान्याचं आहे. वडील बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. धुळ्याकडून लग्नाआधी इकडे आले ते इकडचेच झाले. त्यांच्या प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी वहीत सगळं लिहून ठेवतो: कोणता पंप चालू, कोणता बंद, कुठला वॉल्व्ह अर्धा उघडा, वेळ काय. खाली सही आणि शिफ्ट. वहीत नसलेल्या गोष्टीसाठी कोणाला जबाबदार धरता येत नाही आणि कोणाला शाबासकीही देता येत नाही. ही सवय वडील घरी घेऊन आले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत ते लिहायचे, "सिलिंडर बदलला, ७.१५." आई म्हणायची, "खाली सही करा, नाहीतर भाजी शिजायची नाही." ते खरंच सही करायचे.

आई कारखान्यांच्या वसाहतीला लागून असलेल्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण रांधायची. आम्ही राहायचोही त्याच गावात. एकदा शाळा भरलेली असताना हवेत कसलातरी वास आला. मुलांचे डोळे चुरचुरायला लागले, काही खोकायला लागली. वास कुठून आला ते कधीच कळलं नाही आणि अर्ध्या तासात गेलाही. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हतं. गुरुजींनी मुलांची रांग केली आणि तिला फाटकाकडे, रस्त्याच्या दिशेने न्यायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मागच्या दोरीवर तिचं भांडी पुसायचं फडकं वाळत होतं आणि ते फाटकाच्या दिशेनेच उडत होतं. वास आला की वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं, हे तिने वडिलांकडून जेवताना शंभरदा ऐकलेलं. ती म्हणाली, "गुरुजी, फडकं बघा. वास पण तिकडेच चाललाय." मग साठेक मुलं बाजूच्या कुंपणातून आडवी एरंडीच्या शेतात गेली. आई शेवटी, हातात डाव तसाच.

दोन-तीन महिन्यांनी वसाहतीच्या सभागृहात एक बैठक झाली. सुरक्षेबद्दल सल्ला घ्यायला सरकारी खात्याने बाहेरून तज्ज्ञ बोलावले होते, कोणी प्राध्यापक, कोणी निवृत्त इंजिनिअर. वडिलांचा तिथे काही संबंध नव्हता. त्यांच्या साहेबांचा प्लांटचा नकाशा कारखान्यातच राहिला होता, तो घेऊन ते गेले. साहेब म्हणाले, "बसा जरा, परत न्यायचाय." म्हणून ते बॉयलर सूटमध्येच शेवटच्या खुर्चीवर बसले.

तासभर कारखान्यांच्या चिमण्यांची उंची, वाऱ्याचा वेग असं चाललं होतं. शेवटी अध्यक्ष असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचंय का? वडील उठले. पुढे आम्ही ते इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ आहे. ते म्हणाले, "साहेब, वाऱ्याची पिशवी प्रत्येक कारखान्याच्या ऑफिसवर आहे, पण शाळेतून एकही दिसत नाही. तिथे वारा फडक्यावरून बघून मुलं बाहेर काढावी लागली. एक पिशवी शाळेच्या छपरावर लावा." वाऱ्याची पिशवी म्हणजे खांबावरची ती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी, वारा जिकडे जाईल तिकडे शेपूट करणारी. अध्यक्षांनी त्यांना परत सांगायला लावलं. शेजारच्या माणसाने लिहून घेतलं. मग चहा आला आणि वडील नकाशा घेऊन परत आले.

एवढंच. पण यावर दोन तट पडले. एका तटावर ते स्वतः, "लिहून घेतलंय, मी पाहिलंय." दुसऱ्या तटावर कारखान्यातले सगळे. त्यांचा पुढारी म्हणजे वडिलांचा जोडीदार, एक गुजराती काका. ते वडिलांना आधी 'भाऊ' म्हणायचे, त्या दिवसापासून 'निष्णातभाई' म्हणायला लागले; गुजरातीत तज्ज्ञाला निष्णात म्हणतात.

"निष्णातभाई, पिशवी लागली का?"

"लागेल. लिहून घेतलंय."

"त्याने कदाचित चहा किती कप ते लिहून घेतलं असेल."

वडील हसायचे. पण दोन वर्षं झाली, शाळेवर पिशवी नव्हती, आणि हळूहळू त्यांनी तो विषय काढणं बंद केलं. निवृत्ती दिवाळीवर आली होती. एकदा कॅलेंडरपाशी उभे राहून ते आईला म्हणाले, "खरंच लिहिलं असेल ना गं?" आई म्हणाली, "तुम्हीच पाहिलंत ना?" ते म्हणाले, "हात हलताना पाहिला. कागद नाही पाहिला."

ते मी आतून ऐकलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या एक मॅडम माहितीच्या अधिकाराचा कायदा शिकवत होत्या. सरकार कोणाचा सल्ला घेतं, कोणाला भेटतं, काय ठरतं, याचे कागद आपल्याला मागता येतात, असं त्या म्हणाल्या. वर्गात सगळे वहीत उतरवून घेत होते. मला मात्र पेन चालवायला जमेना, कारण माझ्या डोळ्यांसमोर तो हलणारा हात होता.

घरी न सांगता मी अर्ज केला. मला वाटलं, चांगलं निघालं तर निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हातात देऊ. वाईट निघालं तर माझ्यापाशीच राहील. अर्जात मी अगदी मनापासून लिहिलं: माझे वडील या बैठकीत असं असं बोलले होते, ते लिहून घेतलं आहे का, आणि घेतलं असल्यास पिशवी का लावली नाही? महिन्याने उत्तर आलं. त्यात दोन ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ 'नाही' असा होता.

मी ते पत्र घेऊन शहरातल्या त्या कार्यालयात गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक बेन बसल्या होत्या, टेबलावर फायलींच्या मधोमध त्यांचा डबा उघडा. मी उभाच राहिलो.

"पत्रकार आहात?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"नाही, विद्यार्थी."

"मग बसा. पत्रकार असता तर उभं ठेवलं असतं." त्यांनी माझा अर्ज वाचला. "भाई, तुम्ही सवाल विचारलाय. इथे सवालाचा जवाब मिळत नाही, कागळ मिळतो. जो कागळ फायलीत आहे तो मागा. 'का' मागू नका. 'का' आमच्याकडे नसतो."

मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी एक ढोकळा घेतला आणि तिथेच बसून दुसरा अर्ज लिहिला. बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीची प्रत, हजेरीपत्रकाची प्रत. 'का' एकदाही नाही.

या अर्जाचं उत्तर माझ्याकडे आलं नाही. ते आलं वडिलांकडे.

त्या दिवशी वडील पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी आले, बरोबर गुजराती काका. काकांचा चेहरा लग्नाच्या वऱ्हाडासारखा फुललेला. वडिलांच्या हातात सरकारी लिफाफा होता. तो कारखान्याच्या टाइम ऑफिसात आला होता आणि तिथल्या माणसाने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला होता.

"वहिनी, आधी चहा टाका," काका म्हणाले. "मग ऐका." आणि त्यांनी लिफाफा स्वतःच्या हातात घेऊन वाचलं, "प्रति, निष्णात सभ्यश्री, बी शिफ्ट." म्हणजे तज्ज्ञ सदस्य.

आईने चहाचं पातेलं खाली ठेवलं.

पत्रात होतं की अमुक बैठकीचे कागद एका अर्जदाराने मागितले आहेत. आपण त्या बैठकीत बाहेरचे तज्ज्ञ म्हणून हजर होता. कागद द्यायला आपली काही हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावं.

घडलं होतं असं. बैठकीत हजेरीचा कागद फिरला. त्यावर 'तज्ज्ञ सदस्य' असं छापलेलं, खाली नाव, संस्था, हुद्दा आणि सही. दहा तज्ज्ञांनी सह्या केल्या आणि कागद फिरत फिरत शेवटच्या खुर्चीपाशी आला. आता वडिलांच्या आयुष्यात पुढ्यात आलेलं रजिस्टर सही न करता पुढे गेलेलं नाही. वरचा मथळा कोण वाचतो? त्यांनी नाव घातलं, कारखाना घातला, हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं 'बी शिफ्ट', सहीखाली वेळ टाकली, ४.१०. कार्यालयाने आता हजेरीवरच्या अकराही जणांना विचारणा केली होती, आणि अकरावे तज्ज्ञ आमच्या ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते.

"पण कागद मागितले कोणी?" वडील म्हणाले. "आमच्या बैठकीत कोणाला एवढा रस?"

"परदेशी हात," काका म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्यापासून मी कधीच काही लपवू शकलो नाही.

"मी मागितले," मी म्हणालो.

काकांनी बशीतला चहा परत कपात ओतला. वडील माझ्याकडे वळले. "तू? अरे, मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं, आणि त्यात नसतं तर?"

वडिलांनी लिफाफ्याची कडा बोटाने सरळ केली. "नसेल तर नाही म्हणून कळेल," ते म्हणाले. "दोन वर्षं मी तेही न कळता बसलोय." मग हळू आवाजात, "पण मी तज्ज्ञ म्हणून सही केली. ही फसवणूक झाली का रे? दिवाळीला निवृत्ती आहे माझी."

काकांची थट्टा तिथे थांबली. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मी चांगलं करायला गेलो होतो आणि वडिलांच्या तीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीला शेवटी डाग लागला तर?

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. सगळं सांगायला मला बराच वेळ लागला, कारण मी मध्येच गुजरातीत जात होतो, मध्येच मराठीत. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. 'बी शिफ्ट' आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"माफ कर," त्या म्हणाल्या. "वडिलांनी त्यात खोटं काय लिहिलंय? नाव?"

"खरं आहे."

"शिफ्ट?"

"बी होती."

"वेळ?"

"त्यांची वेळ चुकत नाही, मॅडम."

"मग झालं. खोटं काही नाही. आणि एक सांगू? दहा तज्ज्ञ बाहेरून आले होते, वसाहत बघायला. त्यांच्यात एक जण शाळेतलं माहीत असलेला होता. ती सही बरोबर ठिकाणी आहे."

हे मी जसंच्या तसं घरी सांगितलं. वडिलांनी ते दोनदा सांगायला लावलं, अध्यक्षांनी त्यांना लावलं होतं तसं. मग वहीचं एक पान नीट फाडून त्यांनी उत्तर लिहिलं: "पत्र वाचले. हरकत नाही. वेळ ६.४०. ए शिफ्ट." खाली सही.

"आप्पा, पत्र बी शिफ्टच्या नावाने आलंय," मी म्हणालो. "त्यांचा गोंधळ होईल."

"या आठवड्यात मी ए ला आहे. खोटं कसं लिहू?"

ते तसंच गेलं.

पुढचे वीस-पंचवीस दिवस घरात टपालवाल्याची जी वाट पाहिली गेली, ती माझ्या बारावीच्या निकालाचीही पाहिली गेली नव्हती. काका रोज जाता जाता सायकल थांबवून विचारायचे, "आव्युं?" आता ते थट्टेने विचारत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनाही कळायचं होतं. दोन वर्षं चिडवण्यात त्यांची बाजू होती, आणि मला वाटतं, त्यांना ती हरायची होती.

रविवार होता तो. शेजारणीने आदल्या दिवशी घेऊन ठेवलेला लिफाफा सकाळी आणून दिला. आतले चार कागद गुजरातीत होते. वडिलांनी आधी हात धुतले. काकांना बोलावणं गेलं. ते दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच ठेवून आले. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला कागद हजेरीचा. दहा सह्या वळणदार, न वाचता येणाऱ्या. अकरावी सरळ, एकेक अक्षर सुटं. खाली ४.१०. वडिलांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या कागदावर चिमण्या. तिसऱ्यावर वाऱ्याचा वेग. माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. चौथ्या कागदावर, शेवटून दुसरा मुद्दा. मी तो आधी मनात वाचला.

"मोठ्याने," आई म्हणाली.

मी वाचलं. मराठीत सांगायचं तर असं होतं: "एका निष्णात सदस्यांनी लक्षात आणून दिले की वाऱ्याची दिशा दाखवणारी साधने शाळेतून दिसत नाहीत. शाळेत कापडी फडक्यावरून वाऱ्याची दिशा ओळखून मुलांना सुरक्षित नेल्याचा दाखला त्यांनी दिला. शाळेच्या छपरावर असे साधन बसवावे, ही सूचना सर्वानुमते स्वीकारण्यात आली."

वडील उठले, कॅलेंडरपाशी गेले, पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकटीसमोर नुसते उभे राहिले. मग न लिहिताच परत आले. "यात लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "परत कशाला लिहायचं?"

काकांनी साबण लागलेला गाल पुसला. "निष्णातभाई," ते म्हणाले, आणि त्या वेळी ते नाव त्यांच्या तोंडात पूर्वीसारखं नव्हतं. "सेवउसळ माझ्याकडून."

आईने मात्र कागद माझ्याकडून घेतला. तिला गुजराती अक्षरं सावकाश लागतात. बोट ठेवत ठेवत ती एका शब्दापाशी थांबली. "फडकं," ती म्हणाली. "हे माझं फडकं आहे."

"तुझंच," वडील म्हणाले.

"मग तज्ज्ञ कोण?"

वडिलांनी विचार केला. खरंच विचार केला. "बोललो मी," ते म्हणाले, "पण वारा तू पाहिलास."

"सही मात्र तुमची."

"रजिस्टर माझ्याकडे आलं होतं गं."

आम्ही चौघंही इतके हसलो की शेजारीण पुन्हा दारात आली, काय झालं ते बघायला. सेवउसळ आणली तेव्हा एक वाटी तिलाही गेली. तिखट इतकी होती की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे कोणी विचारलं नाही.

पण आई आनंदात असली की तिला कामं सुचतात. वाट्या विसळताना ती म्हणाली, "स्वीकारली ना सूचना? मग पिशवी कुठाय?" वडील म्हणाले, "येईल." ती म्हणाली, "तुम्ही 'येईल' म्हणत दोन वर्षं काढलीत." सोमवारी तिने चौथ्या कागदाची झेरॉक्स डब्याच्या पिशवीत घातली आणि शाळेच्या आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. फाटकाकडे रांग नेणारे गुरुजीच आता आचार्य झाले होते. त्यांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि शाळेच्या कागदावर पत्र लिहायला घेतलं. "सोबत बैठकीच्या नोंदीची प्रत जोडली आहे," हे वाक्य त्यांनी आईला वाचून दाखवलं. तिने ते घरी येऊन आम्हाला तीनदा ऐकवलं.

दिवाळीला वडील निवृत्त झाले. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काकांनी भाषण केलं. त्यात ते म्हणाले की या माणसाचं सगळं लिहिलेलं असतं, आम्ही फुकट दोन वर्षं वाद घातला. वडील घरी आले आणि त्यांनी चौकटीत लिहिलं, "निवृत्त, ५.००." शिफ्टच्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून ती रिकामी ठेवली.

त्यानंतर काहीच झालं नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. गावात उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची तयारी सुरू झाली. मुलं मांजा घासायला लागली. जो तो आकाशाकडे बघून वाऱ्याबद्दल बोलत होता, आणि शाळेच्या छपरावर काही नव्हतं. वडिलांनी विचारणं सोडून दिलं होतं. एवढंच की रोज सकाळी फिरायला जाताना ते शाळेवरूनच जायचे. कागद मिळाला, ते लिहिलं होतं हे कळलं, तेवढंच आपल्या हातात होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

उत्तरायणाच्या दोन दिवस आधी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो होतो. फोन थरथरला. घरचा होता. मी जिन्यात जाऊन उचलला.

"लिहून घे," वडील म्हणाले.

मी तळहातावर लिहायला पेन काढलं.

"शाळेच्या छपरावर पिशवी लागली. नारिंगी-पांढरी. वारा उत्तरेचा. वेळ अकरा वीस." ते थांबले. मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता, म्हणजे ते शाळेतूनच बोलत होते. "सही माझी समज."

मग फोनवर दुसरा श्वास ऐकू आला, आणि आईचा आवाज.

"आणि लिही," ती म्हणाली, "फडकं मी अजून काढलेलं नाही. दोन्ही एकाच बाजूला उडतायत."